खाली बघ

आधी जिना.
आमच्या घराच्या तेरा पायऱ्यांपाशी
आल्फे थबकायचा, हनुवटी छातीला लावून,
टक्कर देण्याआधी बोकड थांबतो तसा,
मग हवेत पाय घालून पायरी शोधायचा.
आजोबा म्हणाले, नववं लागलं नि
पोराचे डोळे वर गेले, पायाखाली बघत नाही.
ताटातले मटारही त्याला सापडेनात.
काटा ताटाशेजारच्या लाकडावर टकटक करायचा.
आई म्हणायची, खाली बघ.
मी म्हणायचे, आंधळ्या, खाली बघ.
हे मीच म्हटलंय. लिहून ठेवते.

मग हसणं.
ऑगस्टात, पबनिकोच्या धक्क्यावर
ओनेझिम काकांनी पाद्रीबाबांच्या शेळीची गोष्ट सांगितली
आणि आल्फे हसला, आणि गुडघ्यांतून
दोर सुटलेल्या शिडासारखा खाली आला.
डोळे उघडे, पूर्ण शुद्धीत,
गाल ओल्या फळीवर,
ओठांवर हसू ठेवलं होतं तसंच.
दहा-बारा सेकंद. मग उठून म्हणाला,
पुढे काय झालं शेळीचं?

हसून लोळणं, हसून पडणं
बोलताना एकच. फळीवर नाही.

हॅलिफॅक्सला डॉक्टरीणबाईंनी
बोट वरून खाली नेलं. बुबुळं मध्येच अडली.
मग त्यांनी त्याचं डोकं दोन्ही तळव्यांत धरून
हळूच मागे कलतं केलं
आणि ती आपण होऊन खाली उतरली.
डोळे चांगले आहेत, म्हणाल्या,
हुकूम पोचत नाही.
पोट चाचपलं. प्लीहा वाढलेली.
मग आडनावं विचारली:
आईचं माहेर, तिच्या आईचं, बाबांच्या आईचं.
कितीही पिसा, तीच सात-आठ पानं हाती येत होती.
त्या काही बोलल्या नाहीत. पेन मात्र थांबलं.

पेशीत चरबी शिरते, बाहेर निघत नाही,
हे ऐकून बाबांनी पहिल्यांदा मान हलवली.
पिंजरा त्यांना ठाऊक होता.
शेवंड जाळीच्या नरसाळ्यातून आत येते, आमिष खाते,
आतल्या खोलीत जाते.
वाट मागे उघडीच असते,
तिला ती सापडत नाही.
परतताना तीन तासांत ते एवढंच बोलले,
"एक तुझ्याकडून, एक माझ्याकडून."
आई खिडकीबाहेर बघत होती.
"मग फिटला हिशेब," म्हणाली.

त्या हिवाळ्यात घरात विनोद बंद.
ओनेझिम काका दारातूनच मासे देऊन जायचे.
जेवताना आजोबा वाऱ्यावर बोलायचे,
वाऱ्यावर कोण हसतं?
आल्फेची जीभ जड होत चालली.
'र' आधी गेला, मग 'ल',
म्हणजे स्वतःचं नावच.
पाणी ठसक्याबरोबर नाकातून परत यायचं.
हात कपाकडे जाताना वाटेत दोनदा थरथरायचा.
सातचा पाढा विसरला, माझा वाढदिवस विसरला.
शेळी नाही विसरला.

मार्चमध्ये, रापी वाढताना, काही म्हणाला.
तिसऱ्यांदा ऐकल्यावर कळलं:
"तुम्ही सगळे मेल्यासारखे का जेवता?"

बाबा उठले. वरून गादी आणली,
चुलीसमोर टाकली, त्याला उभं केलं,
पिंजरे ओढून सोललेले हात
मागून त्याच्या काखांत घातले,
आणि मला म्हणाले, सांग.
मला गोष्ट धड येत नव्हती.
मी शेळीला पाद्रीबाबांची टोपी घातली,
तिला कबुलीजबाबाच्या खोलीत बसवलं,
आणि गावातल्या बायका येऊन तिला पापं सांगू लागल्या.
तो पडला. बाबांनी धरला.
पुन्हा, म्हणाला. पडला. धरला.
आजोबांचा चष्मा रापीत पडला,
त्यावरही पडला.
आई भिंतीला टेकून उभी, तोंडावर ॲप्रन,
आतून काय चाललंय दिसत नव्हतं.

त्याला जाऊन एकोणीस वर्षं झाली.
माझ्या रक्तात तो एक आहे का,
याचं पाकीट पिठाच्या डब्यामागे आहे, बंद.
शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते मी.
तिथल्या बायका खिदळणाऱ्या.
एखादी पोट धरून हसायला लागली
की हातात जे असेल ते मी खाली ठेवते
आणि तिच्या मागे जाऊन उभी राहते.